एकवीस दिवसांचा फेरा : आठ आव्हानांच्या नोंदी

शनिवार, ४ जानेवारी २०२५

आज ओवीचं रक्त चढवून झालं. ओवी माझ्या ताईची मुलगी, वय अकरा, थॅलेसेमिया मेजर, म्हणजे जन्मापासूनचा रक्ताचा आजार, ज्यात सतत दुसऱ्याचं रक्त घ्यावं लागतं. दर एकवीस दिवसांनी डे-केअरला जायचं, पिशवी लावायची, चार तासांच्या आत ती संपली पाहिजे, मग घरी. आठव्या महिन्यात निदान झालं, तेव्हापासून हा फेरा चुकलेला नाही.

आज सिस्टर म्हणाल्या की या महिन्यात फिल्टर पुरवून वापरावे लागतील. ज्यांना मागच्या खेपेला थंडीताप आला त्यांना आधी, बाकीच्यांना उरले तर. फिल्टर म्हणजे पिशवीखालच्या नळीत बसणारी, तळहातात मावेल एवढी पांढरी चकती. रक्त तिच्यातून गाळून पुढे जातं, दात्याच्या पांढऱ्या पेशी मागे राहतात, त्यामुळे थंडी वाजून ताप येण्याचा त्रास कमी होतो. एकदा वापरला की फेकायचा. रक्ताचे पैसे तिथे घेत नाहीत, पण फिल्टर या मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थेच्या मदतनिधीतून येतात आणि निधी आटलाय.

घरी येऊन हिशेब मांडला. वर्षाला सतरा फेरे, संस्थेला फिल्टर पडतो ९०० रुपयांना, म्हणजे एका मुलाचे १५,३००. ओवीच्या शनिवारच्या बॅचमध्ये दहा मुलं आहेत. १,५३,०००.

हा आकडा माझ्याकडे नाही. पतपेढीच्या कॅशियरचा, म्हणजे माझा, पगार मला माहीत आहे. पण नुसती मागणी करायला जीभ रेटेना, म्हणून ठरवलं की आजवर जे जे टाळलं ते करायचं, आणि प्रत्येक गोष्टीमागे लोकांनी काही रक्कम बोलायची. जुन्या कालनिर्णयच्या डिसेंबरच्या पानामागे यादी लिहिली: सायकल शिकणं, रक्तदान, माहुली गड, माइकवर पाच मिनिटं बोलणं, होळीला दोनशे पुरणपोळ्या, ठाणे ते बोरीबंदर (आताचं सीएसएमटी) चालत, पंचवीस मीटर पोहणं. आठवी जागा ओवीने मागून घेतली. तिने लिहिलं: ‘मावशीने माझ्याबरोबर पिशवी लावल्यापासून संपेपर्यंत बसायचं. मोबाइल बंद.’

मी वाचलं आणि गप्प राहिले. अकरा वर्षांत मी अनेकदा गेले आहे, डबा दिला आहे, तासभर थांबले आहे. पूर्ण वेळ एकदाही नाही.

रविवार, १२ जानेवारी

पैशाची पद्धत आधी पक्की केली. एक रुपयाही माझ्या खात्यात येणार नाही. संस्थेचा क्यूआर कोड सगळ्यांना पाठवायचा, पैसे भरल्यावर त्यांनी मला फक्त व्यवहार क्रमांक कळवायचा, मी वहीत चढवायचा आणि महिनाअखेर संस्थेच्या खात्याशी ताळा करायचा. पावती संस्था देईल. बऱ्याच जणांनी ८०जीचं, म्हणजे देणगीवरच्या आयकर वजावटीचं, विचारलं. ज्यांनी नवीन कर प्रणाली घेतली आहे त्यांना ती वजावट मिळत नाही, हे मी आधीच सांगून टाकते. मार्चमध्ये कुणी म्हणायला नको की सांगितलं नव्हतं.

बोललेली रक्कम आणि जमा रक्कम असे दोन वेगळे रकाने. तोंडी शब्द जमेत धरायचा नाही.

रविवार, २६ जानेवारी

झेंडावंदनानंतर चरईतल्या एका मंडळाच्या हॉलमध्ये रक्तदान शिबिर होतं. यादीतलं सर्वात सोपं म्हणून हेच पहिलं उरकायचं ठरवलं होतं. वजन ५२, वय ४७, रक्तदाब चांगला. मग बोटाला टोचलं.

तिथे एका छोट्या काचेच्या भांड्यात निळंशार पाणी होतं, मोरचुदाचं. नळीतून माझ्या रक्ताचा थेंब त्यात सोडला. हिमोग्लोबिन साडेबारा किंवा जास्त असेल तर थेंब सरळ तळाला जातो. माझ्या आधीच्या बाईंचा दगडासारखा गेला. माझा निम्म्यात थांबला, जागच्या जागी थोडा हलला आणि हळूहळू वर आला. टेबलापलीकडची मुलगी म्हणाली, “काकू, यावेळी नाही जमणार. लोहाचं खा, तीन महिन्यांनी या.”

घरी येऊन अळीव भिजत घातले. शेवग्याचा पाला, खजूर, बीट, लोहाच्या गोळ्या, सगळं सुरू. रक्तदानाच्या रकान्यासमोर तेवीस जणांची बोली आहे, ९,८०० रुपयांची.

रविवार, २ फेब्रुवारी

एका नातेवाइकांचा फोन. पाच हजार देतो म्हणाले, पण एक अट. मी जो मजकूर सगळ्यांना पाठवते आहे त्यात ‘माझ्या बहिणीच्या मुलीला’ असं लिहू नये. “रक्ताचा आजार घराण्यात आहे हे गावभर कशाला? आपल्याकडे अजून मुलींची लग्नं व्हायचीत. आणि हा आजार आपल्यात नसतोच, तो सिंधी-कच्छी लोकांचा.”

काही समाजांत याचं प्रमाण जास्त आहे हे खरं. पण आपल्यात नसतो म्हणून कुणी तपासत नाही आणि मग ओवी होते. आई आणि वडील दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता मेजरची. वाहकाला स्वतःला बहुधा काहीच होत नाही, म्हणून तो आयुष्यभर अंधारात राहतो. ताई आणि भावोजी दोघंही तसेच राहिले. लग्नाआधी एक रक्ततपासणी केली असती तर निदान कळलं असतं.

मी पाच हजार नाकारले. रकान्यात शून्य लिहिलं. रात्री मात्र झोप लागली नाही, कारण पाच हजारांत पाच फिल्टर येतात आणि वर पाचशे उरतात.

रविवार, ९ फेब्रुवारी

सायकल जमली. उपवन तलावाकाठी पहाटे सहाला, चौदा दिवस. डाव्या नडगीला खरचटलं, बाकी काही नाही. माझ्या मुलाने, सोहमने, मागून सीट धरली होती आणि कधी सोडली ते सांगितलं नाही. जमा ६,२५०.

रविवार, २३ फेब्रुवारी

माहुली. आसनगावला लोकलने उतरून रिक्षाने पायथ्याशी. ठाणे जिल्ह्यातला हा उंच गड, आणि आम्ही ठाणेकर असून कधी गेलो नव्हतो. पुरंदरच्या तहात १६६५ साली मोगलांना द्यावा लागला होता, हे शाळेत पाठ केलं होतं, पण तो किती मोठा ऐवज गेला हे वर उभं राहिल्यावर कळलं. शेवटी लोखंडी शिडी आहे. चढताना मला वारंवार थांबावं लागलं. पतपेढीतल्या साठीच्या शिपाईमामांना एकदाही नाही. छाती धडधडत होती, ओठ कोरडे. लोहाच्या गोळ्या चार आठवडे चालू आहेत. मग हे का?

सोमवार, ३ मार्च

शनिवारी रक्त तपासून घेतलं होतं. हिमोग्लोबिन १०.९. जवळजवळ पाच आठवडे सगळं करूनही साडेबाराच्या जवळपास नाही. कागद घेऊन ओवीच्या डॉक्टरांकडे गेले, म्हटलं गोळी बदलून द्या.

त्यांनी हिमोग्लोबिनच्या आकड्याकडे पाहिलंच नाही. बोट खाली नेलं. लाल पेशींची संख्या ५६ लाख, म्हणजे भरपूर. पण पेशींचा आकार, एमसीव्ही, फक्त ६४. “लोह कमी असेल तर पेशी लहान होतात आणि सहसा कमीही होतात. तुमच्या लहान आहेत पण संख्या जास्त आहे. तुमचं एचबीए२ कधी केलंय?”

एचबीए२ म्हणजे हिमोग्लोबिनचा एक प्रकार, तो मोजून माणूस वाहक आहे का ते कळतं. नाही केलं. ओवीचं निदान झालं तेव्हा, म्हणजे दहा वर्षांपूर्वी, त्यांनी ताईला सांगितलं होतं की माहेरच्या आणि सासरच्या सगळ्यांनी तपासून घ्या. ताईने आम्हाला सांगितलं होतं. मी हो म्हटलं होतं आणि विसरले. शब्दशः विसरले. ओवीच्या वाढदिवसाला दर वर्षी भेट नेणारी मी.

लोहाच्या गोळ्या लगेच बंद करायला सांगितल्या. शरीरात लोह पुरेसं असताना वर गोळ्या घेत राहण्यात अर्थ नाही. तिथल्या तिथे एचपीएलसीसाठी, म्हणजे एचबीए२ मोजायच्या तपासणीसाठी, रक्त दिलं.

शुक्रवार, ७ मार्च

एचबीए२ ५.३ टक्के. साडेतीनच्या वर गेलं की वाहक. मी थॅलेसेमिया मायनर आहे, जन्मापासून आहे, सत्तेचाळीस वर्षं आहे.

म्हणजे माझा थेंब त्या निळ्या पाण्यात बहुधा कधीच बुडणार नाही. रक्तदान हे आव्हान माझ्याच्याने पुरं होणार नाही.

ताईला फोन केला. पहिल्यांदा ती काही बोललीच नाही. मग रडायला लागली. सासरी अकरा वर्षं तिला ऐकवलं गेलंय, “तुमच्याकडून आलं.” भावोजीही वाहक आहेत, त्यांचाही कागद आहे, तरी ऐकवलं गेलंय. ती म्हणाली, “मला वाटायचं गं, आपल्या घरात मी एकटीच अशी.” मी म्हटलं, “मी पण आहे ताई. तुझ्याबरोबरच आहे.” याच्यापुढे दोघींनाही काही सुचलं नाही. फोन मात्र ठेवला नाही, बराच वेळ तसाच कानाला.

शनिवार, ८ मार्च

ओवीची तारीख आणि महिला दिन एकाच दिवशी. दुपारपर्यंत डे-केअर, संध्याकाळी आमच्या सोसायटीच्या पटांगणात कार्यक्रम. माइकवर पाच मिनिटं बोलण्याचं आव्हान आजचंच ठरलं होतं. महिनाभर आधी भाषण लिहून ठेवलं होतं, बचतीवर.

तो कागद पर्समधून काढलाच नाही. माइकची उंची माझ्यापेक्षा जास्त होती, कुणीतरी खाली करून दिली. मी म्हटलं, काल मला कळलं की मी थॅलेसेमियाची वाहक आहे. मग थेंबाचं सांगितलं, एमसीव्हीचं सांगितलं, चारात एक सांगितलं. ज्यांच्या घरी लग्नाची मुलं-मुली आहेत त्यांनी एचबीए२ करून घ्या, आणि माझ्याकडे या, कुठे करायचं ते मी सांगते. चार मिनिटं आणि काही सेकंद. हात थरथरत होते, पण आवाज गेला नाही.

ज्या नातेवाइकांनी फेब्रुवारीत अट घातली होती ते समोर तिसऱ्या रांगेत बसले होते. मी त्यांच्याकडे बघून बोलले नाही. ते कार्यक्रम संपायच्या आत निघून गेले.

नंतर चहाच्या टेबलापाशी बी विंगमधल्या दोघी जवळ आल्या. एकीने विचारलं, “गरोदर असताना पण करता येते का?” तिच्या सुनेला दहावा आठवडा आहे. मी तिथूनच डॉक्टरांना फोन लावून दिला. आधी सुनेची तपासणी, ती वाहक निघाली तर लगेच मुलाची, वेळ घालवू नका, असं त्यांनी सांगितलं.

रक्तदानाला रक्कम बोललेल्या तेवीस जणांना रात्री संदेश पाठवला: माझ्याने हे होणार नाही, कारण असं आहे. तुमची बोली रद्द समजा. किंवा माझ्या जागी कुणी तरी रक्त द्या, मग भरा.

गुरुवार, १३ मार्च

होळी. पुरणपोळ्या २१२. ताई, मी, शेजारच्या दोन वहिनी, पहाटे चारपासून. सामान घरचं, म्हणून ४० रुपयांप्रमाणे सगळे ८,४८० जमेला. रोख आलेले २,१६० संस्थेच्या कार्यालयात भरून पावती वहीला डकवली. पुरण पातळ झालं नाही, एवढंच लिहिण्यासारखं.

शनिवार, २९ मार्च

ओवीची तारीख, उद्या पाडवा. आई आज आमच्याबरोबर डे-केअरला आली. वय ७२. पाच मिनिटं बसली आणि म्हणाली, “मलाही सुई टोचा. कुठून आलं ते कळू दे एकदा.” मी म्हटलं, आई, आता काय उपयोग? ती म्हणाली, “तुझ्या मामाला दोन नातवंडं आहेत लग्नाची.”

मला हे सुचलं नव्हतं. रक्त देताना ती सिस्टरना सांगत होती की लहानपणी गावात तिला पांढरीफटक म्हणायचे, शेतात इतर मुलींबरोबर मोळी उचलली की धाप लागायची आणि आजी म्हणायची, आळशी आहे.

(५ एप्रिलला भर: आईचं एचबीए२ ५.१. मामाकडच्या चौघांनी तपासून घेतलं, त्यात एक वाहक. त्या मुलीचं स्थळ बघणं सुरू आहे, आणि तिने स्वतः मुलाकडच्यांना सांगितलं की त्याचीही तपासणी हवी.)

बुधवार, १६ एप्रिल

१६ एप्रिल १८५३ ला पहिली गाडी बोरीबंदरहून ठाण्याला आली. दुपारी ३:३५ ला सुटली, चौदा डबे, सुमारे चारशे प्रवासी, तीन इंजिनं, ३४ किलोमीटर. आम्ही उलट दिशेने, पहाटे ३:३५ ला ठाणे स्टेशनच्या पश्चिमेकडून निघालो. मी, सोहम, त्याचे दोन मित्र आणि भावोजी. एकसष्ट जणांनी किलोमीटरमागे रक्कम लावली होती, कुणी पाच रुपये, कुणी पन्नास. एकूण किलोमीटरला १,०४०.

मुलुंड चेकनाका अंधारातच गेला. भांडुपला दुधाच्या गाड्या, कांजूरला उजाडलं. घाटकोपरपर्यंत मी बोलत होते. कुर्ल्यानंतर बोलणं बंद. डाव्या टाचेला फोड आला होता, सायनला बसून बूट काढला तर मोजा चिकटलेला. सोहमने पाण्याने भिजवून हळूहळू सोडवला, वर पट्टी लावली. त्याचे हात बघताना एकदम लक्षात आलं की त्याचीही तपासणी अजून बाकी आहे. आई म्हणून मी आधी त्याची करायला हवी होती, आणि मी महिनाभर नेटाने दुसऱ्यांना सांगत फिरतेय. तिथेच फुटपाथवर त्याला विचारलं. तो म्हणाला, “मी गेल्या सोमवारीच रक्त देऊन आलोय. रिपोर्ट यायचाय.”

दादरला ताक. परळपासून भायखळ्यापर्यंत ऊन असं की डांबराची वाफ तोंडाला लागत होती. भावोजी पूर्ण रस्ता माझ्यापुढे दहा पावलं, मागे न बघता, आणि प्रत्येक सिग्नलला मी पोहोचेपर्यंत थांबलेले. अकरा वर्षांत मी त्यांच्याशी ओवीच्या आजाराबद्दल कधी नीट बोलले नव्हते. जे. जे.च्या पुलाखाली ते स्वतःहून म्हणाले, “तुमच्या ताईला माझ्या घरी बोलतात ते मला आवडत नाही. मी त्यांना थांबवलं नाही, ही माझी चूक.” मी म्हटलं, आज संध्याकाळी तिला सांगा. त्यांनी मान डोलावली.

दुपारी १:४२ ला टर्मिनससमोर. दहा तास सात मिनिटं. ३४ किलोमीटरचे ३५,३६० बोलीप्रमाणे.

गुरुवार, १ मे

महाराष्ट्र दिन. मे महिन्यात कॉलेजं बंद, लोक गावाला, शिबिरं होत नाहीत आणि रक्तपेढ्यांची कपाटं रिकामी होतात. ओवीची १० मेची पिशवी नेमकी याच दिवसांत लागते. म्हणून माझ्या न झालेल्या रक्तदानाच्या जागी आज सोसायटीत शिबिर घेतलं. तेवीसपैकी एकोणीस जणांनी स्वतः दिलं किंवा माणूस आणला. एकूण अठ्ठेचाळीस आले, एक्केचाळीस जणांचं रक्त घेतलं, सात परत गेले.

परत गेलेल्या सातांपैकी चार बायका. त्यांचा थेंब वर आला की मी त्यांना बाजूला घेऊन बसत होते. आधी साधी रक्ततपासणी करा, एमसीव्ही बघा, लाल पेशींची संख्या बघा, मगच गोळ्या. लोहाची कमतरता फार जणींना असते, तीच निघण्याची शक्यता जास्त. पण बघून घ्या.

पुरुषांना तीन महिन्यांनी पुन्हा देता येतं, बायकांना चार. सगळ्यांच्या तारखा वहीत मांडून ठेवल्या.

यादीत रक्तदानासमोर मी टिक केलेली नाही. ‘झालं नाही. त्याऐवजी ४१’ असं लिहिलंय.

शनिवार, २४ मे

पंचवीस मीटर. जानेवारीपासून महापालिकेच्या तरणतलावात बायकांच्या बॅचला जातेय. पाण्यात तोंड घालून श्वास सोडायला शिकायलाच पाच आठवडे गेले. पंधरा मीटरच्या खुणेपाशी पाय खाली टाकायची सवय लागली होती. आज प्रशिक्षक मॅडम काठाने माझ्याबरोबर चालत राहिल्या आणि नुसतं “सोड, घे, सोड, घे” म्हणत राहिल्या. भिंतीला हात लागला तेव्हा डोळे मिटलेलेच होते. जमा ११,३००.

शनिवार, ३१ मे

ओवीचं आव्हान. पाऊस यंदा २६ तारखेलाच आला, सकाळी छत्र्या घेऊनच निघालो. मोबाइल ताईकडे दिला.

१०:२० ला पिशवी लावली. आधी ताप, नाडी, पिशवीवरचा क्रमांक दोघी सिस्टरनी दोनदा वाचून ताळा केला. मग चकतीत रक्त भरलं, पांढऱ्याची गुलाबी, गुलाबीची लाल झाली आणि खालच्या भांड्यात पहिला थेंब पडला. ओवी मला नाडी मोजायला शिकवत होती. तिला हे सगळं येतं. पहिला अर्धा तास जास्त लक्ष ठेवायचं, कारण त्रास व्हायचाच असला तर बहुधा तेव्हा होतो, हे तिने मला सांगितलं. रोज सकाळी उपाशीपोटी पाण्यात विरघळवून घ्यायच्या गोळीची चव खडूसारखी असते हेही सांगितलं. प्रत्येक पिशवीबरोबर दोनशे ते अडीचशे मिलिग्रॅम लोह शरीरात येतं आणि शरीराला ते बाहेर टाकता येत नाही, म्हणून ती गोळी. मला हे माहीत होतं. तिच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं.

बाराच्या सुमारास तिच्या गालांवर रंग यायला लागला. मी आधी कानाची पाळी बघितली, मग नखं. सकाळी कागदासारखी होती. समोर बसून डोळ्यांदेखत ती बदलताना मी पहिल्यांदाच पाहिली. ती बडबड करायला लागली, भूक लागली म्हणाली, शेजारच्या खाटेवरच्या मुलाशी पत्त्यांवरून भांडली. १:५० ला पिशवी संपली.

निघताना सिस्टरनी कपाट उघडून दाखवलं. फिल्टरची खोकी वरच्या कप्प्यापर्यंत.

हिशेब: बोली १,७२,४००. जमा १,५८,९००. येणे १३,५००, नऊ जणांकडून. पैकी सहा जणांनी पगार झाल्यावर भरतो म्हटलंय, तिघांना मी एकदाच आठवण करेन. फेब्रुवारीत अट घालणाऱ्या नातेवाइकांचे पाच हजार गेल्या आठवड्यात आले, अटीशिवाय. त्यांच्या धाकट्या मुलीचं एचबीए२ २.७ आहे, हेही त्यांनीच कळवलं.

सोहम वाहक आहे. ५.०. रिपोर्ट त्याने माझ्या आणि आईच्या रिपोर्टच्या फाइलमध्ये लावला आणि फाइलवर आमची तिघांची नावं घातली. ताईचाही कागद आता त्याच फाइलमध्ये आहे.

ओवीने यादीच्या शेवटच्या ओळीवर स्वतः टिक केली. तिची पुढची तारीख २१ जून. मी रजेचा अर्ज टाकला आहे.